बारा वाजून दहा मिनिटांनी

मढच्या बंदरातून होडी सुटली तेव्हा
हिराजी नाखव्यांनी एकदाच विचारलं,
"जालं नाय, गल नाय, नुसत्या बाटल्या?
काय धरनार गो त्यात?"
"पाणी," मी म्हटलं.
ते जरा थांबले. मग इंजिनचा आवाज वाढवला,
बहुतेक हसू झाकायला.

काम तसं सोपं:
बारा वाजून दहा मिनिटांनी
सातशे किलोमीटर उंचीवरून एक उपग्रह जाणार.
त्याला पाण्याचा रंग कळतो.
रंगावरून तो सांगतो, पाण्यात हिरवं किती,
म्हणजे ते नजरेला न दिसणारं, तरंगतं,
ज्यावर जवळा जगतो, जवळ्यावर बोंबील,
बोंबलावर आपण.
सांगतो; पण खरं सांगतो का,
हे कुणीतरी खाली जाऊन बघावं लागतं.
त्याच मिनिटाला, त्याच जागी, बादली घेऊन.
ती बादलीवाली बाई मी.

किनारा मागे धुरकट होत गेला.
वाटेत मी बोलत राहिले, वरून काय काय दिसतं ते:
खाडीकाठची तिवरं गेल्या वर्षीपेक्षा कुठे मागे हटली,
भराव घातलेली जमीन किती खचली, नखाएवढी का होईना,
आणि मध्यरात्रीसुद्धा न निवलेले पत्रे.
त्या तापल्या चित्रात मी एकदा
गोवंडीची आमची इमारत शोधून काढली होती.
लालभडक. आईला दाखवली.
ती म्हणाली, "गच्चीखालच्या खोलीत
वीस वर्षं झोपते मी.
हे कळायला त्याला एवढ्या लांब जावं लागलं?"

नाखवा यावर मनापासून हसले.
मग सुकाणूवरचा हात न काढता,
"आनि आपन? ही होडी दिसंल त्याला?"
"नाही. त्याचा एक ठिपका म्हणजे
तीनशे पावलं लांब, तीनशे पावलं रुंद पाणी.
होडी, तुम्ही, मी, डब्यातली भाकरी,
सगळं त्या एका ठिपक्यात विरघळलेलं."
"मंग बरं हाय," ते म्हणाले.
का बरं, ते सांगितलं नाही.

पुढे एका जागी त्यांनी इंजिन बंद केलं.
"हितं बदललं."
मला काहीच बदललेलं दिसेना.
त्यांनी पाण्यात मनगटापर्यंत हात घातला,
जसा कुणी पोराचा ताप बघावा.
"भांगाचं पानी. माती खाली बसलीय.
फुडल्या हप्त्यात बघ, चहा असंल नुसता."
मी वहीत लिहिलं: गढूळपणा कमी.
कुणी सांगितलं, याला रकाना नव्हता.

बारा वाजता आकाश धुतलेल्या ताटासारखं.
बारा चारला कुठूनसा एक ढग आला,
कार्तिकात, एकुलता एक,
गोधडीएवढा.
बारा सात.
बारा नऊला त्याची सावली बादलीत उतरली.

बारा दहाला मी बाटली भरली. भरायचीच होती.
वरून कुणीतरी आवाज न करता निघून गेलं
आणि आमच्या जागी त्याला दिसली
ढगाची पांढरी पाठ.
"डोला मिटला गो त्याचा,"
नाखवा म्हणाले, आणि डबा उघडला.
सुक्या बोंबलाची चटणी होती. मला अर्धी भाकरी दिली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत पाणी गाळलं.
गाळणीचा कागद रुपयाएवढा,
त्यावर मूग भिजवलेल्या पाण्याचा
फिक्कट, हट्टी हिरवा.
मोजला. आकडा आला, चांगला आला.
समोरचा रकाना रिकामा.
नियम असा की जोडी नसेल तर ओळ खोडायची.
खोडली.
कागद मात्र फ्रीजरमध्ये ठेवला,
तारीख घालून, आणि खाली बारीक अक्षरात
होडीवाल्याचं नाव.

रात्री फोन केला: आठ दिवसांनी पुन्हा, जमेल?
"जमंल की," नाखवा म्हणाले,
"पन तवा उधान असंल.
त्याला सांगून ठेव."