कोटावर मेथी

होल्योकमध्ये मार्चात हिरवं काही नसतं.
पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फाचे ढीग काळे पडलेले,
मेपल अजून काडीपैलवान,
आणि नेमक्या त्याच रविवारी
संत पॅट्रिकसाठी गावाला हिरवं व्हायचं असतं.

ओनोरा हेगर्टी, वय अठ्ठ्याहत्तर, माझ्या खालच्या मजल्यावर.
तिनं यंदा फतवा काढला:
प्लास्टिकच्या माळा नकोत, फुगे नकोत,
चकचकीत टोप्या तर मुळीच नकोत.
एका दुपारपुरत्या जन्माला येतात
आणि आपल्या पतवंडांना पुरून उरतात.
चर्चच्या तळघरातून तिनं पत्र्याच्या ताटल्या आणल्या,
मागच्या पिढीच्या तेलकट वासासकट.
नातू टिअर्नन म्हणाला, "आजी, लोक हसतील."
"हसू देत. हसण्याचा कचरा होत नाही."

अडचण एकच. शॅमरॉक.
दुकानातला कापडी, डिंक आणि चमकी लावलेला.
तिनं कुंडीत पेरलेला जानेवारीच्या थंडीनं नेला.
ती जिना चढून वर आली, धापा टाकत,
आणि माझ्या ओट्यावरच्या
कान तुटलेल्या मगाकडे बघत राहिली.

मगात मेथी होती.
डब्यातले मूठभर दाणे मी टाकले होते,
भाजीसाठी नव्हे,
नुसतं काहीतरी उगवतंय हे बघायला.
"तीन पानं," ती म्हणाली.
आयुष्यभर मेथी निवडली मी,
मोजली कधी नव्हती.
तिनं एक पान चावलं. तोंड कडूजहर.
"बरोबर आहे," म्हणाली, "उपासाचेच दिवस आहेत."

मिरवणुकीत आम्ही कडेकडेनं चाललो.
बॅगपाइप, आगीचे बंब,
गारठ्यानं गुडघे निळे पडलेल्या नाचणाऱ्या मुली.
तिच्या कोटावर सेफ्टी पिननं टोचलेली मेथी
चौकाचौकाला मान टाकत होती.
आतला स्वेटर जुनाच, उसवून पुन्हा विणलेला,
कोपरावर हिरव्याच्या दोन छटा, न जुळलेल्या.
शेजारच्या बाईनं विचारलं, वास कसला येतोय?
ओनोरा म्हणाली, "संताचा."

मग पोतं घेऊन उलट दिशेनं निघालो.
मेपलला पालवीआधीच माळा फुटलेल्या.
टिअर्नन बांबूनं काढत होता, हसतील म्हणणारा तोच.
चारशे अकरापर्यंत मोजल्या, पुढे बोटं बधिर झाली.
माझ्याही खिशात एक होती.
कुणीतरी फेकली, मी झेलली.
हात आपोआप वर जातो.
ती मी गुपचूप पोत्यात टाकली.

कालव्याच्या पुलावर ती थांबली.
"माझे वडील या गिरणीत. कागद रंगवायचे.
गुलाबी कागदाच्या दिवशी कालवा गुलाबी,
पिवळ्याच्या दिवशी पिवळा.
हिरवा आला की आम्ही पोरं ओरडायचो, आज पॅट्रिक!
कधी ऑगस्टात, कधी नाताळच्या तोंडावर.
मासा मात्र एकाही रंगात दिसला नाही."

मी इचलकरंजीची.
आमच्या ओढ्यावरून शाळेत जाताना सांगता यायचं
यंदा बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या येणार.
रंगपंचमीला आई दारात उभी राहून बजावायची,
ओढ्याचं पाणी उडवू नका गं, अंगाला फोड येतील.
हे तिला सांगताना मी ओढ्यापाशी अडले.
कालवा नव्हे, नदी नव्हे...
"कळलं," ती म्हणाली. "पाणी."

खाली ते चाललं होतं,
वितळत्या बर्फाचं, मळकट,
चहाचं भांडं विसळल्यावर उरतं तसं.
कुठल्याच सणाचं नसलेलं.
आम्ही बराच वेळ बघत उभ्या.

रात्री तिनं कोबी उकडलेलं बिनमिठाचं पाणी
गार करून वर आणलं, मगासाठी.
मगात उरलेली मेथी मी खुडली,
कोटावरची सुकलेलीही त्यातच चिरली,
आणि पिठात मळताना
पिन राहिली नाही ना,
तेवढं दोनदा पाहिलं.