टायरच्या कडेवरचा आकडा

गाडीचं नाव नको सांगूस, मास्तर. रंगही नको.
बाहेर जा, गुडघ्यावर बस,
टायरच्या कडेचा चिखल अंगठ्यानं पूस
आणि तिथे कोरलेला आकडा मला आणून दे.
लिहून आण. दारापासून गल्ल्यापर्यंत येताना
माणसं आकडे विसरतात.

एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.
बरं.
आणि ओढतात कुठली चाकं, पुढची की मागची?
माहीत नाही?
इकीकेहून इथवर, लोंकिमायपर्यंत, वाळवंट तुडवत आलास
आणि गाडी कोण ओढतंय ते विचारलं नाहीस तिला!
पुढची. तुझ्या गाडीची पुढचीच.
साखळी तिथे चढते, मागे नाही.

बघ, भिंतीवर टांगल्यात.
ही शिडीची. स्वस्त.
सरळ रस्त्यावर इमानानं चालते,
वळणावर मात्र दोन पायऱ्यांमधल्या फटीतून
गाडी हळूच कडेला सरकते,
सभेतून उठून जाणाऱ्यासारखी.
ही शंकरपाळ्यांच्या घाटाची.
हिचा कुठला ना कुठला कोपरा
कायम बर्फात रुतलेला असतो.
हा कापडी मोजा. हसू नकोस,
शनिवारी स्कीवाले चार जोड घेऊन गेले.
डांबर लागलं की दोन दिवसांत त्याची लक्तरं.

जाड ती चांगली, असं सगळेच म्हणतात.
जा, चाकाच्या आत बोट घालून ये.
अडकलं ना?
तिथे बारा मिलिमीटरची कोंबलीस
तर ब्रेकची नळी कातरेल, आणि तीही उतारावर.
तुला नऊची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत,
तसं चाकामागची फट पाहून साखळी घ्यावी.

उसनी? कोण देतंय, मुख्याध्यापक?
त्यांची गाडी केवढी, तुझी केवढी!
माझ्या भावानं घेतली होती उसनी, मेहुण्याची.
दोन कड्या सैल होत्या.
दोन कड्यांनी काय होतंय, म्हणाला एवारिस्तो,
आणि तारेनं आवळून निघाला.
बोगद्याच्या अलीकडे, पेवेनची तीन झाडं आहेत बघ,
तिथे तार तुटली.

नाही नाही, आहे तो.
आत बसलाय, ऐकतोय आपलं सगळं.
पाय नाहीत चालत, हात चालतात.
आलेला प्रत्येक जोड खोक्यातून काढतो, कड्या मोजतो,
परत भरतो. कारखान्यावर विश्वास नाही त्याचा.

अडतीस हजार.
हो, मला ठाऊक आहे शाळा किती देते.
अर्धे आत्ता दे, अर्धे बर्फ वितळल्यावर.
वापरली नाहीस तर परत घेईन,
पण इथल्या जुलैत न वापरलेली साखळी
मी अजून पाहिली नाही.

आज घरी जाऊन, कोरड्या अंगणात,
तीनदा चढव, तीनदा उतरव.
मग हातमोजे घालून.
मग डोळे मिटून, कारण बर्फ रात्री पडतो
आणि तेव्हा टॉर्च तुझ्या दातांत असेल.
चढवून थोडं पुढे गेलास की थांब,
उतर, पुन्हा आवळ.
हे मी सगळ्यांना सांगते
आणि कोणी थांबत नाही.
तू थांब.
चाळिशीच्या वर नेऊ नकोस काटा.
आवाज होईल, खडखडाट, दात हलतील.
होऊ दे. आवाज बंद झाला
तर घाबर.

गेला.
पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत,
ओझं एवढं असेल असं वाटलं नव्हतं त्याला.

आतून एवारिस्तोनं विचारलं, कुठली नेली?
शंकरपाळ्यांची. नऊची.
बराच वेळ काही नाही.
मग, मोजली होती ना मी ती?
मोजली होतीस, म्हटलं.
खोक्यातून पुढचा जोड निघाल्याचा आवाज आला.
एक. दोन. तीन.