शेवाळासाठी जागा

आमच्या देवपुरात बोअरचं पाणी इतकं जड
की बादलीच्या कडेला पांढरी किनार धरते.
लोक हप्त्यावर मशीन घेऊन क्षार काढतात.
मी त्याच मशीनचं पाणी ड्रमात भरतो
आणि त्यात मीठ कालवतो.
धुडकू आप्पा मोटार न्यायला आला की बघत उभा राहतो :
'पैसा दीसन खारं काढस, पैसा दीसन खारं टाकस,
तुले काय म्हनानं रे भाऊ?'

धुळ्याहून समुद्र कुठल्याही दिशेने एक रात्र लांब.
मी त्यातला तीन फूट
वाइंडिंगच्या टेबलाशेजारी काचेत उभा केलाय :
दोन जोकर मासे, एक लाजाळू खेकडा,
आणि खालच्या कपाटात संप,
घराला मोरी असते तसा.

उन्हाळ्यात दगडांवर केस उगवले.
हिरवे, लांब, पाण्यासोबत डोलणारे.
टूथब्रशने घासले, परत आले.
मासे उपाशी ठेवले, तरी आले.
नायट्रेटच्या बाटलीत थेंब टाकले
तर पाणी कुंकवासारखं लाल.

मग शेवाळासाठीच जागा करायची ठरवली.

जाळी घरातच होती : प्रमिलाने लग्नाआधी
तोरणासाठी आणलेला प्लास्टिकचा कॅनव्हास,
त्यावर गळ्यापर्यंत विणलेला पोपट.
ती शहाद्याला गेली, पोपट ट्रंकेत राहिला.
लोकर उसवली. हिरवा गुंडा बांधून ठेवला,
मागितलाच तर असावा म्हणून.
जाळी करवतीच्या पात्याने ओरबाडली
दोन्ही बाजूंनी, नख अडेल इतकी.

पाइपला चीर पाडली. पहिली वाकडी गेली,
सगळं पाणी डावीकडे पळालं.
दुसरीला रात्रीचे साडेअकरा झाले.
आठ इंच रुंदीला ताशी हजार लिटर,
हा हिशोब मला येतो, पोट त्यावरच आहे.
जाळी चिरेत बसवली, दोन्ही अंगांना लाल दिवे,
आणि पंप सोडला.
पाणी जाळीवरून साडी वाळत घातल्यासारखं उतरलं.
आवाज नाही.
आवाज आला असता तर कुठेतरी चुकलं असतं.

दुसऱ्या दुपारी लाइट गेली.
मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या घरचीही जाते.
वरचं पाणी खाली उतरू लागलं,
मी गुडघ्यावर बसून बघत राहिलो,
संपच्या काठाखाली दोन बोटं राहिली आणि थांबलं.
तिथे बायकोच्या नेलपेंटने रेघ मारली.
तिने बाटली लपवून ठेवलीय तेव्हापासून.

नऊ दिवस काहीच नाही.
मग तपकिरी बुळबुळीत थर, शेंबडासारखा.
विसाव्या दिवशी हिरवं.
मला वाटलं होतं, पोपटाच्या जागेवरून सुरू होईल.
तसं काही झालं नाही.
उजव्या कोपऱ्यात धरलं, जिथे दिवा जवळ होता.
त्याला उजेड हवा होता, वाहतं पाणी,
आणि धरायला काहीतरी खरबरीत.
वरच्या दगडांवरचे केस पांढुरके पडले,
एक दिवस खेकडा त्यांतून सरळ चालत गेला.

आता रविवारी जाळी काढतो,
जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो,
थोडं ठेवतो, बियाण्याइतकं.
तांब्याची तार तोलायच्या काट्यावर टाकलं :
एकशे चाळीस ग्रॅम, ओलं.

'शेवाय कोनी पोसस का?' म्हणत
आप्पाने चिमूटभर उचललं, नाकाशी नेलं.
सत्तर वर्षं तापी आणि पांझरा, त्यापलीकडे पाणी नाही पाहिलं त्याने.
'समिंदरले असाच वास येस का?'
मी एकदाच गेलोय, शाळेच्या सहलीला.
मला फक्त भज्यांचा वास आठवतो.
पण म्हटलं, हो, असाच.
त्याने बोटं धोतराला पुसली नाहीत.
मोटारचे पैसे उद्यावर टाकले
आणि हात जरा लांब धरून गेला.