गाळलेल्या जागा भरा

मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमचं इंग्रजी बरं आहे,
सहा आठवडे मैदानावर जा.
मी भूगोलाची. हॉकीची काठी कधी हातात धरलेली नाही.
कालगुर्ली मला ठाऊक होतं दोन गुणांपुरतं:
सोन्याच्या खाणी, पश्चिम ऑस्ट्रेलिया.
तिथली एक बाई देवळाली कॅम्पात येईल,
डिसेंबरच्या थंडीत उघड्या पोटऱ्यांनी
मुरमाच्या मैदानावर फक्कीची रेघ स्वतः ओढील,
हे पुस्तकात नव्हतं.

ग्लेनिस टर्टन.
मुलींनी दुसऱ्याच दिवशी तिची गिलासबाई केली.

पहिला प्रश्न कादंबरी पगारेचा: गोल किती?
अकरा वर्षं, एकशे सतरा सामने.
गोल दोन, ती म्हणाली,
त्यातला एक आमच्याच जाळ्यात.
मी तेही सांगून टाकलं. सांगायला नको होतं.
कादंबरी खाली वाकून
बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागली.

मग करत काय होता तुम्ही?
लेफ्ट हाफ, ती म्हणाली, आणि खूप वेळ बोलली,
पुढची पुढे धावते, तिच्या मागे काय उरतं,
तिथे कोणी, कधी, कसं पोचायचं.
मी शब्द शोधत राहिले.
तोफखान्याच्या सरावाचा एक बार उडाला,
तेवढी सवड मिळाली.
म्हटलं, ही गाळलेल्या जागा भरते.

सगळ्या हसल्या. घटक चाचणी आठवली असणार.
पेठची रोहिणी भोये तेवढी हसली नाही.
ती मैदानाकडे बघत होती,
जिथे कोणीच उभं नव्हतं तिकडे.

एका संध्याकाळी टपरीवर तिने यादीचं सांगितलं.
पर्थमध्ये, एका दारावर, चिकटपट्टीने लावलेली.
वरून वाचली. मग खालून वाचली.
मग कोपरा उचलून कागदामागे काही आहे का बघितलं.
सव्वीस वर्षांची होते, म्हणाली.
हिला गाळलं, मी मुलींना सांगितलं.
चहा गाळतात तसं? तहसीनने विचारलं.
आता हे इंग्रजीत कसं न्यायचं?
मी टपरीवाल्याची गाळणीच पुढे धरली.
ती थांबली जरा. मग चोथ्याकडे बोट केलं
आणि स्वतःकडे.

पुढची दोन वर्षं टपालाची गाडी चालवली.
पार्सलं टाकायची, लाल धुळीतून परत यायचं,
भिंतीवर चेंडू मारत बसायचं अंधार पडेतो.
तिसऱ्या वर्षी नाव पुन्हा यादीत, खालून दुसरं.
मग गुडघा गेला.
याला मराठी शोधावी लागली नाही,
आमच्या स्टाफरूममध्ये चौघींचा गेलाय.

निरोपाचा सामना झाला नाही.
स्कर्ट चार, ट्रॅकसूट दोन, बॅग एक,
सगळं परत केल्याची रजिस्टरात सही.
दातांवर बसवायचा रबराचा तुकडा तेवढा
कोणी मागितला नाही.
तो अजून आहे, ती म्हणाली,
पण आता बसत नाही, मधे एक दाढ काढली.

जानेवारीत ती गेली.
फेब्रुवारीत क्रीडा कार्यालयाच्या फलकावर जिल्ह्याचा संघ लागला.
सोळा नावं. कादंबरी होती, तहसीन होती.
रोहिणीने यादी वरून वाचली.
खालून वाचली.
कागदामागे मात्र मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मैदानावर धुकं,
आणि डाव्या बाजूला, रेघेपासून हातभर आत,
ती एकटी. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही.
मी पदर खोचला.
शाळेची एक काठी घेतली, उलटीच धरली होती,
ती काही बोलली नाही, मीच सुलटी केली.
ये म्हटलं, मी देते.

चेंडू मारला उजवीकडे,
तो गेला भलतीकडेच.

ती तिथे आधीच पोचली होती.