शेरा

वाचनालयाचं खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये असतं.
परत आलेलं पुस्तक मी आधी झटकतो,
मग चाळतो.
बसची तिकिटं निघतात, तेंदूचं एखादं कातरलेलं पान,
कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणा.
खुणा खोडायच्या. त्याचाच पगार आहे.

क्रिकेटचं कपाट खिडकीशी.
खाली साखर पेठेतले माग दिवसभर खटखटतात,
म्हणून थोर फलंदाजांची चरित्रं
आमच्याकडे फळीवर किंचित थरथरत उभी असतात.
लहानपण सगळ्यांचं सारखंच:
गल्ली, फुटलेली काच, पहाटे उठवणारा मामा.
शेवटच्या प्रकरणात हारतुरे.
पानं मळतात ती मधली,
शतकांपाशी जास्त.

त्यातल्या एका पुस्तकात
पान एकशे त्रेचाळीसवर सोलापूर येतं.
तीनच ओळी.
"सोलापूरला एक प्रदर्शनीय सामना खेळलो.
ऊन मी म्हणत होतं. लवकर बाद झालो.
रात्री जेवणात शेंगाची चटणी मात्र झकास."
पान उलटलं की जहाज सुटतं विलायतेला.

आणि समासात, पेन्सिलीनं, रुतवून:
बोलर दासरी यल्लय्या. रिंग खातं.

मी खोडलं.
काही महिन्यांनी पुस्तक परत आलं,
नावही परत आलं.
मी खोडलं.

कार्ड काढून पाहिलं, तर वाचक तोच तो.
मिल बंद पडल्यावर पावरलूमवर गेलेला,
खटखटीनं एक कान गमावलेला,
शर्टाच्या खिशाला सुताचे धागे.
दोन रुपये दंडाची पावती फाडली.
दंड भरला. मग म्हणाला,
"साहेब, चटणीचं लिवले बघा.
बॉल मी टाकलो."
टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला,
दोन बोटं टेकवली,
आणि नसलेली शिवण चाचपत राहिला.
"पार्कवर, त्या झाडाकडून टाकलो. बाहेर चाललेला, आत आला.
मधली दांडी."
पेपरवेट खाली ठेवला तेव्हा
त्याच्यावर बोटांची ओल होती.
"कुणी पाहिलं?" मी विचारलं.
"अंपायर होते की. आमचे टाईमकीपर.
वारले."

त्यानंतर मी दंड घेतला नाही.
त्यानं लिहायचं सोडलं नाही,
मी खोडायचं.
याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
काउंटरवर तो पुस्तक सरकवायचा,
मी शिक्का मारायचो,
जिन्यात तो खोकल्याचा आवाज करत उतरायचा.
वर्षं गेली अशी.
खोडून खोडून समास इतका विरला
की मागच्या पानावरचं जहाज
सोलापुरात दिसायला लागलं.

एकदा पुस्तक त्याची सून घेऊन आली.
पिशवीत विड्यांचं सूप, कारखान्यात द्यायला निघालेली.
पानांना तंबाखूचा वास.
मी एकशे त्रेचाळीस उघडलं.
समास कोरा.
खिडकीकडे तिरकं धरून पाहिलं,
नवी खाच कुठेच नाही.
"मामंजी गड्ड्याच्या आधीच गेले," ती म्हणाली.
"उशीर झालंय. दंड किती?"
खोडरबर माझ्या हातात तसंच.

यंदा जीर्ण पुस्तकांची यादी करायची आहे,
रद्दीवाला किलोवर घेऊन जाणार.
रकाने आखलेलेच असतात:
दाखल क्रमांक, नाव, किंमत, शेरा.
कुठे वाळवी लिहिलं, कुठे बांधणी सुटली.
या पुस्तकापुढे लिहिलं:
पान १४३, मजकूर अपुरा.

कार्यवाह चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"पान तर आहे की जागेवर. अपुरं काय?"
"बोलरचं नाव."
"छापलेलंच नाही ते.
तुम्हाला कसं माहीत, होतं म्हणून?"

"मीच खोडलंय," म्हटलं,
"सतरा वेळा."