सहा डझन ऑड्री

अर्ध्या इंचाची सुती पट्टी, तिच्यावर लाल धाग्यात नाव.
एवढंच विणते मी, बत्तीस वर्षं,
ईलीच्या बाहेर, बीटाच्या शेताला लागून असलेल्या शेडमध्ये.
शाळेचे स्वेटर, पोहण्याचे टॉवेल,
नर्सिंग होममधल्या विजारी:
जिथे कपडे एकमेकांत मिसळतात
तिथे माझं काम.

मागाला वय कळत नाही, मला कळतं.
शॅरन आल्या, ओसरल्या.
मग एक वर्ष जिकडेतिकडे कायली.
ऑड्री मात्र मी नवखी असल्यापासून
ठरलेल्या पत्त्यांवरच जायची,
जिथे दुपारी चारला पडदे ओढतात.
दर हिवाळ्यानंतर
एखादी कमी.

जुने मालक, मिस्टर क्लॅक्सन, जेवणाच्या सुट्टीत सांगायचे,
ही इथलीच बरं का.
साडेतेराशे वर्षांपूर्वी चिखल, लव्हाळं, ईल मासे,
आणि त्यात मठ उभारणारी एक राणी.
एथेलथ्रिथ. म्हणजे थोर बळाची.
नाव उच्चारण्याआधी ते सँडविच खाली ठेवत.
तोंडात घास असताना जमायचं नाही ते.
लोकांनाही जमेना. पायरी झिजते तसं झिजवलं त्यांनी,
थ्र गेला, थ गेला,
उरली ऑड्री.

गळ्याला गाठ येऊन गेली ती.
तरुणपणी माळा मिरवल्या, त्याची ही फेड,
असं म्हणाली म्हणे.
आणि लोक बघा,
तिच्या नावाने जत्रा भरवली
आणि जत्रेत विकलं काय,
तर गळ्यात बांधायच्या फिती!
आधी रेशमी, बऱ्यापैकी.
मग स्वस्त, मग भडक,
पहिल्या धुण्यात रंग सोडणाऱ्या.
सेंट ऑड्रीची फीत, सेंट ऑड्रीची फीत,
ओरडता ओरडता सेंटमधला ट उसवला
आणि पुढच्या नावाला चिकटला.
टॉड्री.
टॉड्री म्हणजे दिखाऊ, हलकं, दोन दमड्यांचं.
ज्यांनी नाव ठेवलं
त्यांनीच नावं ठेवली.

मग कितीतरी काळ पाळण्यापाशी कुणी ते काढेना.
माझ्या आईच्या वर्गात मात्र चार होत्या,
आडनावाने हाक मारावी लागे.
कुठून परत आलं, का आलं,
हे क्लॅक्सननाही सांगता येत नसे.
सँडविच संपवत.

गेल्या फेब्रुवारीत ऑर्डर आली:
ऑड्री माझुरेक. सहा डझन. शेवटी बदकाचं चित्र.
बदक?
वाटलं, रकाना चुकला.
नर्सिंग होमवाले बदक घेत नाहीत.
फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर,
बाई ओरडून बोलत होती, पोलिश वळणाने.
“हो, बदकच. तीन वर्षांची आहे. नर्सरीत घालतेय.”
आणि नाव? आजीचं का?
“नाही हो. मी इथे लाँड्रीत असते.
पोटुशी होते तेव्हा एक कार्डिगन यायचं, मोरपंखी.
धुऊन धुऊन आटलं, बटणं गेली,
कॉलरची पट्टी जशीच्या तशी.
घड्या घालताना तेवढंच वाचायचे, लाल अक्षरं.
बाईंना पाहिलं नाही कधी. वरच्या मजल्यावर होत्या.”

होत्या, म्हणाली.

मीही आडनाव विचारलं नाही.
जुनी वही काढली तर सापडेल,
थॉडे असेल, नाहीतर पीची.
वही काढली नाही.

बदकासाठी पिवळा धागा लावला.
कापण्याआधी सगळी लांबी गळ्यात टाकून मोजते मी,
हात मोकळे राहतात म्हणून, सवयच आहे.
बहात्तर ऑड्री, बहात्तर बदकं,
पार गुडघ्यापर्यंत.

आणि शेवटचा तुकडा, नियमाप्रमाणे,
रात्रभर ओल्या फडक्यात दाबून ठेवला.
सकाळी फडकं
पांढरंच होतं.