भात्यावर

संगीताचा तास शुक्रवारी, शेवटचा.
तोही गणिताच्या बाई उसना मागायच्या
आणि शेजारणीनं नेलेल्या साखरेसारखा
परत कधीच यायचा नाही.

उरला तर आम्ही जिन्याखालच्या खोलीत.
तिथे नकाशे, लेझिमी, प्रयोगशाळेतला सांगाडा
आणि एक पेटी, शाळेइतकीच जुनी.
तिचा कोमल निषाद मुका.
भात्याला बोटभर चीर.

गोठोसकर बाईंनी पहिल्याच दिवशी
एकेकीचा आवाज तपासला,
आई मेथीची जुडी उलटून बघते तसा.
माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या,
"तू नुसते ओठ हलव हं, बाळ."
रागावून म्हणाल्या असत्या
तर बरं झालं असतं.

वर्षभर हलवले.
तलावपाळीला पाव टाकला की
मासे वर येऊन हलवतात, तसे.

मग चिठ्ठी आली. आंतरशालेय. समूहगान.
रंगायतनात, खऱ्या पडद्यामागून, सहा मिनिटं.
गायला बारा जणी. मी तेरावी.
तबल्याला बाहेरून मुलगा आणायचं घाटत होतं,
मुलींच्या शाळेत कोण वाजवणार?
तेव्हा चैताली भोईर उठली, बाळकुमची,
काकाच्या भजनी मंडळात
मांडीवर ठेके धरत वाढलेली.
बाकावरच वाजवून दाखवलं. डबा उडाला.
लोणच्याचं तेल माझ्या वहीवर अजून आहे.

पेटीच्या चिरेला सगळं लावून पाहिलं:
डिंक, चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
घटकाभर टिकायचं, मग फुस्स.
एकदा मी सहज तळवा ठेवला.
बाई थांबल्या नाहीत. सूरही थांबला नाही.
"तशीच बस," म्हणाल्या.

तशीच बसले. दोन महिने.
तळव्याला कळू लागलं
कुठल्या ओळीला किती हवा लागते,
कुठे निलोफर घाई करणार,
कुठे बारा जणी एकदम दम घेतील
आणि भाता माझ्या हाताखाली
झोपलेल्या मांजरासारखा वर येईल.

अंतऱ्यात नेमका तो मुका निषाद.
"तिथे पेटी येणार नाही," बाई सांगायच्या,
"तिथे तुमच्या तुम्ही."
मग दुसरं गाणं घ्या ना, कुणीतरी म्हणालं.
बाईंनी फक्त चष्मा पुसला.

रंगायतनात आमचा नंबर जेवणाआधीचा.
एक परीक्षक घड्याळाकडे बघत होते.
मी पेटीला चिकटून, प्रेक्षकांकडे पाठ,
त्यांना माझ्या वेण्या दिसल्या असतील,
एका रिबिनीची गाठ सुटलेली.

अंतरा आला.
हाताखाली हवा होती, सूर नव्हता.
बारा जणी पुढे गेल्या,
कळव्याच्या पुलावर मध्येच कठडा संपावा
तशा, जरा चाचपत.
आणि मीही गेले.
ओठ नव्हे. आवाज.
बाईंनी मान वर केली नाही.
भाता मात्र अर्धा क्षण जास्त उघडा धरला.

नंबर आला नाही.
घड्याळवाल्यांना भूक लागली होती, असं चैतालीचं मत.
प्रमाणपत्रावर छापील रकाने:
गायन. तबला. हार्मोनियम.
माझ्यासाठी रकाना नव्हता.
बाईंनी तळाशी शाईच्या पेनानं लिहिलं,
हवा: कु. जयमाला ठोंबरे.

आता रबाळ्याच्या कारखान्यात मी
दाबाच्या नळ्यांमधल्या गळत्या शोधते.
यंत्र आहे त्यासाठी. तरी आधी हात लावते.
नवी पोरं हसतात. हसू देत.
चैताली ऐरोलीत तबला शिकवते,
एकवीस मुली आणि एक रुसका मुलगा.

शाळेला नवी पेटी मिळाली म्हणे,
सगळे सूर बोलणारी.
चैतालीनं फोनवर सांगितलं.
शुक्रवारचा तास अजून गणितात जातो का,
ते विचारायचं राहिलं.